बीजगणित आणि धाराशिवचा मुलूख

गणिताच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित घरांतून दोन मतें हटकून ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, जें कांहीं आहे तें सारें आमच्या पूर्वजांनीं आधींच सांगून ठेवलें आहे; दुसरा म्हणतो, शाळेंत शिकवतात तें सारें इंग्रजांबरोबर बोटींतून उतरलें. दोन्ही मतें मोठीं सुखाचीं आहेत, कारण त्यांपैकीं कोणतेंही एक पत्करलें कीं पुढें कांहीं वाचावयाचें उरत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही एका अगदीं लहान विषयाचा मागोवा घेणार आहों. विषय आहे एका अव्यक्त राशीचें समीकरण. म्हणजे शाळेंतलें पोर ज्या उदाहरणांत 'क्ष' ची किंमत काढतें तें. आणि हा मागोवा आम्ही धाराशिव जिल्ह्याच्या भूमीवर उभें राहून घेणार आहों. कारण या शास्त्राचे निरनिराळे ओघ या मुलखाच्या आजूबाजूनें आणि मधून कसे वाहिले, व त्यांचें पाणी येथल्या सामान्य माणसाच्या ओंजळींत केव्हां पडलें, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

प्रथम उदाहरणच पाहूं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' रचला; त्याचाच बीजगणित हा एक भाग होय. त्यांत एकवर्ण समीकरणाच्या प्रकरणांत दोन धनिकांचें एक उदाहरण आहे. पहिल्यापाशीं तीनशें नाणीं आणि सहा घोडे. दुसऱ्यापाशीं तसल्याच किंमतीचे दहा घोडे, परंतु डोक्यावर शंभर नाण्यांचें ऋण. दोघांची संपत्ति सारखी. तर घोड्याची किंमत काय?

नियम न शिकलेल्या, परंतु व्यवहारांत मुरलेल्या माणसास हा प्रश्न घातला तर तो काय करील ? घोडा फुकट आहे असें तो क्षणभर धरील. मग पहिला तीनशेंचा धनी आणि दुसरा शंभरांचा ऋणको. दोघांत अंतर चारशेंचें. आतां किंमत एकेक नाण्यानें वाढवीत गेलें तर पहिल्याची संपत्ति सहा सहांनीं वाढते, दुसऱ्याची दहा दहांनीं. म्हणजे दर नाण्यामागें अंतर चारांनीं मिटतें. चारशेंचें अंतर मिटावयास किंमत शंभर व्हावयास पाहिजे. ताळा पाहूं : सहाशें आणि तीनशें मिळून नऊशें, हजारांतून शंभर गेले, तेही नऊशें. सारें बीजगणित या चार वाक्यांत आहे. ज्ञात राशींचें अंतर घ्यावें, अव्यक्तांच्या गुणकांचें उलट बाजूनें अंतर घ्यावें, आणि पहिल्यास दुसऱ्यानें भागावें. यापलीकडे नियम नाहीं.

हा नियम भास्कराचार्यांचा नवा नव्हे. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानें तो 'गुलिका' या नांवाखालीं सांगितला. अव्यक्ताला त्याचा शब्द गुलिका, म्हणजे गोळी. इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें तो समीकरणाच्या रूपांत स्वच्छ मांडला, आणि त्याहून मोठें काम केलें तें हें कीं, धन, ऋण आणि शून्य यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे करावे याचे नियम दिले. भास्कराचार्यांच्या काळापर्यंत मांडणीची रीतिही पक्की झाली होती. अव्यक्त राशीला 'यावत्तावत्', म्हणजे 'जेवढी असेल तेवढी', असें नांव. तिचें पहिलें अक्षर 'या' एवढेंच लिहावयाचें. अव्यक्तें एकाहून अधिक असलीं तर पुढें कालक, नीलक, पीतक, लोहितक अशीं रंगांचीं नांवें. म्हणून एका अव्यक्ताच्या समीकरणास 'एकवर्ण' हें नांव पडलें. ज्ञात संख्येस 'रूप', लिहितांना 'रू'. आमचें वरील उदाहरण त्या रीतीनें एका ओळींत 'या ६ रू ३००' व तिच्याखालीं 'या १० रू १००' असें लिहिलें जाईल. मात्र दुसऱ्या ओळींतल्या शंभरांच्या डोक्यावर एक टिंब. तें टिंब म्हणजे ऋणाची खूण. आजचें 'क्ष' आणि बरोबरीचें चिन्ह यांवांचून काम अडत नव्हतें, हें यावरून दिसेल.

परंतु त्या काळीं अव्यक्त न मांडतां उत्तर काढण्याचीही एक रीति प्रचारांत होती. तिला इष्टकर्म म्हणत. 'लीलावती'मधलें कमळांचें उदाहरण तिचा चांगला नमुना आहे. कमळांच्या एका राशीपैकीं तिसरा हिस्सा शंकरास, पांचवा विष्णूस, सहावा सूर्यास आणि चौथा देवीस वाहिला. उरलेल्या सहा कमळांनीं गुरूचे पाय पूजिले. तर कमळें किती? ज्या जिल्ह्यांत तुळजापूरची भवानी नांदते तेथल्या वाचकांस देवीचा हा चौथा हिस्सा आवडावा. रीति अशी : कमळें साठ होतीं असें धरा. वीस, बारा, दहा आणि पंधरा गेलीं, तीन उरलीं. उरावयास पाहिजेत सहा, म्हणजे दुप्पट. म्हणून मूळ रासही दुप्पट, एकशें वीस. येथें अव्यक्ताची गरज पडली नाहीं, कारण सारे हिस्से मूळ राशीच्याच प्रमाणांत आहेत; हें खरें पाहतां त्रैराशिकच होय. घोड्यांच्या उदाहरणांत मात्र ही युक्ति लंगडी पडते. तेथें दोन्ही बाजूंस अव्यक्त आहे, दोन्ही बाजूंस स्थिर रक्कम आहे, आणि एक रक्कम तर कर्जाची आहे. तेथें माहीत नसलेल्या वस्तूस नांव देऊन, ती जणूं माहीत आहे असें समजून, तिच्याशीं व्यवहार करावा लागतो. हें धाडस म्हणजेच बीजगणित.

आतां या मुलखाकडे वळूं. धाराशिवजवळचें तेर हें प्राचीन तगर होय, असें फ्लीट यांनीं इ. स. १९०१ मध्यें दाखविलें, व तें मत आज सर्वमान्य आहे. पहिल्या शतकांतल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें नगर सांगितलें असून, तेथून साधें कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे अशी नोंद आहे. जेथें दूरदेशीं माल जातो तेथें भाव, भाडें, जकात आणि भागीदारी यांचे हिशेब येतातच. अव्यक्त राशि तेरच्या पेठेंत रोज भेटत असली पाहिजे. पुढें राष्ट्रकूटांच्या काळीं, याच भागाच्या दक्षिणेस मान्यखेट, म्हणजे आजचें मळखेड, ही राजधानी झाली. आणि अमोघवर्षाच्या आश्रयानें नवव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास महावीराचार्य नांवाच्या जैन पंडितानें 'गणितसारसंग्रह' रचला. त्यांत फळें, सोनें, व्याज, भागीदारी यांचीं उदाहरणें खच्चून भरलीं आहेत. हा ग्रंथ संस्कृत. परंतु पावुलूरि मल्लनानें तो पुढें तेलुगूंत उतरविला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

भास्कराचार्यांचें स्वतःचें गांव सह्याद्रीच्या आश्रयाचें विज्जडविड. तें कोठें, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. कोणी तें चाळीसगांवच्या परिसरांत शोधतात, कोणी बीडाकडे, कोणी विजापुराकडे. आम्ही धाराशिवच्या वतीनें या वादांत उडी घेणार नाहीं. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेख मात्र वादातीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर यास यादव राजा जैत्रपालानें आपल्याकडे नेलें; लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला; आणि या चांगदेवानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं पाटण येथें मठ स्थापिला. शके ११२८ च्या सुमारास निकुंभ कुळांतल्या सोइदेवानें त्यास दान दिलें, असा त्या लेखाचा आशय आहे. धाराशिवचा प्रदेशही त्या काळीं यादवांच्याच राज्यांत होता.

या लेखाची आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट निराळीच आहे. त्याचा मोठा भाग संस्कृतांत आहे; वंशावळ, पांडित्याची थोरवी, मठाचा हेतु, सारें त्या भाषेंत. शेवटच्या ओळी मात्र मराठींत आहेत, आणि त्या जुन्या मराठीच्या अभ्यासकांस मोलाच्या वाटतात. त्या ओळींत काय आहे ? बाजारांत उघडल्या जाणाऱ्या मालावर, गिऱ्हाइकावर, तेलाच्या घाण्यावर मठास काय काय हक्क द्यावयाचा, तें आहे. म्हणजे बीजगणित संस्कृतांत, आणि त्याच्या खर्चाची वसुली मराठींत ! ज्या तेल्याच्या घाण्यावरचें तेल त्या मठाच्या दिव्यांत जळलें असेल, त्यास दिव्याखालीं काय वाचलें जात आहे हें कळण्याची सोय त्या दगडावर नाहीं. आम्ही हें चांगदेवास दूषण देण्यासाठीं म्हणत नाहीं. त्या काळीं जगांत बहुतेक सर्वत्र विद्येची भाषा एक व बाजाराची दुसरी अशीच रीत होती. परंतु ज्यांस आपल्या पूर्वजांच्या विद्येचा अभिमान आहे त्यांनीं त्या दगडाच्या दोन्ही भाषा वाचाव्या.

मठाबाहेरच्या मराठी माणसाजवळ हिशेब नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हीं पाढ्यांचीं नांवें आमच्या कित्येक वाचकांच्या आजोबांस तोंडपाठ होतीं. पंतोजीच्या शाळेंत धुळाक्षरांबरोबर हे पाढे घोकले जात. त्रैराशिकानें भाव निघत. कुळकर्ण्याच्या मोडी दप्तरांत जमीन, सारा आणि बाकी यांचा मेळ बसे. या विद्येनें माहीत असलेल्या राशींवर झपाट्यानें काम करतां येई. ज्या प्रश्नांत अव्यक्त दोन्ही बाजूंस बसलें आहे त्याचें उत्तर मात्र हुशार माणूस अटकळीनें काढी, व ज्यास अटकळ साधत नसे तो सावकाराच्या वहींतला आंकडा मान्य करी. पाऊस बेताचा आणि पीक बेभरंवशाचें अशा या मुलखांत ऋण हा शब्द कोणास शिकवावा लागला नाहीं. ऋणाचें गणित मात्र शिकवावयाचें राहून गेलें.

दुसरा ओघ पश्चिमेकडून आला. इ. स. ८२० च्या सुमारास बगदाद येथें मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी यानें समीकरणांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नांवांतल्या 'अल्-जब्र' वरूनच युरोपांत 'अल्जिब्रा' हा शब्द गेला. जब्र म्हणजे मोडलेलें सांधणें. मुकाबला म्हणजे समोरासमोर आणणें. त्याच्या रीतीनें आमचें घोड्यांचें उदाहरण दोन पावलांत सुटतें : दुसऱ्या बाजूस शंभरांची तूट आहे, ती भरून काढण्यासाठीं दोन्ही बाजूंस शंभर मिळवा, हें जब्र, मग दोन्हीकडचे सहा सहा घोडे परस्परांसमोर आणून खोडून टाका, हा मुकाबला, उरले चार घोडे आणि चारशें नाणीं. भारतीय रीतींत हीं दोन पावलें वेगळीं पडत नाहींत. कारण तेथें ऋण ही तूट नसून स्वतंत्र संख्याच आहे, आणि तीनशेंतून ऋण शंभर वजा केले कीं चारशें येतात. एकानें मोडलेलें सांधलें, दुसऱ्यानें मोडक्यालाही संख्येचा मान दिला. उत्तर दोघांचें एकच. अल्-ख्वारिझ्मीच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वांटण्यांनीं भरलेला आहे, हेंही येथें सांगितलें पाहिजे. कुटुंबांतल्या तंट्यांतून शास्त्र वाढतें, तें असें.

हे दोन ओघ परस्परांस अपरिचित राहिले नाहींत. अकबराच्या आज्ञेनें फैजीनें इ. स. १५८७ मध्यें 'लीलावती' फारशींत उतरविली, आणि शाहजहानाच्या काळीं, इ. स. १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी यानें भास्कराचार्यांचें बीजगणित फारशींत आणलें. त्या फारशी ग्रंथावरूनच स्ट्रेची यांनीं १८१३ मध्यें बीजगणिताची इंग्रजांस ओळख करून दिली. कोलब्रुक यांचें मूळ संस्कृतावरून केलेलें भाषांतर त्यानंतर, १८१७ मध्यें निघालें. इकडे मुंबई इलाख्यांत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या खटपटीनें इंग्रजी गणितग्रंथांवरून मराठी पुस्तकें होऊं लागलीं. पुण्यास इ. स. १८२१ मध्यें जन्मलेले नृसिंह ऊर्फ बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेंत जुनें व नवें बीजगणित एकत्र शिकवूं लागले. पुण्याच्या मुलास एकोणिसाव्या शतकांत हें शास्त्र मराठीतून भेटूं शकलें, तें या उद्योगामुळें.

धाराशिवच्या मुलाची गोष्ट वेगळी. हा जिल्हा निजामाच्या राज्यांत. तेथें दरबाराची भाषा आधीं फारशी, नंतर उर्दू, आणि वरच्या वर्गांचें शिक्षणही उर्दूंतून. १९१७ मध्यें उस्मानिया विद्यापीठाचें फर्मान निघालें, व त्याबरोबर शास्त्रीय ग्रंथ उर्दूंत आणण्यासाठीं भाषांतराचें एक मोठें खातें हैदराबादेस उभें राहिलें. देशी भाषेंतून उच्च गणित शिकवितां येतें हें त्या खात्यानें दाखवून दिलें, आणि त्याबद्दल त्याचें ऋण कोणीही मान्य करील. परंतु ज्या मुलाच्या घरीं मराठी बोलली जाई त्यास तें शास्त्र 'जब्र-ओ-मुकाबला' या नांवानें भेटे. त्यास दोन अव्यक्तांशीं एकदम झुंजावें लागे : एक उदाहरणांतलें, दुसरें भाषेचें. घरांतले वडील त्यास मदत करूं शकत नसत, कारण त्यांचे पाढे मराठी; आणि आई तर त्या पुस्तकाच्या जवळपासही येऊं शकत नसे. पाटणच्या मठांत जें अंतर संस्कृतानें पडलें होतें, तेंच येथें सातशें वर्षांनीं उर्दूनें पडलें. भाषा बदलली, परंतु घाण्याचा धनी होता तेथेंच राहिला. या अंतराची जाणीव ज्यांस झाली त्यांनीं निराळ्या शाळा काढण्याची खटपट केली. याच जिल्ह्यांतल्या हिप्परगा येथें १९२१ मध्यें राष्ट्रीय शाळा निघाली, आणि पुढें हैदराबादच्या मुक्तिलढ्याचे अग्रणी झालेले स्वामी रामानंद तीर्थ हे कांहीं काळ तिचे मुख्याध्यापक होते. मातृभाषेंतून शिक्षण आणि प्रजेचा हक्क या दोन गोष्टी त्या पिढीस वेगळ्या वाटल्या नाहींत, हें सयुक्तिकच होय.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर तें राज्य राहिलें नाहीं. १९५६ मध्यें हा जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. उस्मानाबाद हें नांव जाऊन २०२३ मध्यें सरकारदरबारींही धाराशिव झालें. आज जिल्ह्यांतल्या मराठी शाळेंत 'एका चलांतील समीकरणें' हें प्रकरण शेतकऱ्याच्या मुलीपुढें तिच्याच भाषेंत उघडतें. आठशें वर्षांच्या या वाटचालीकडे पाहिलें म्हणजे ही गोष्ट लहान नाहीं, असें आम्हांस वाटतें.

तरीपण एक शंका राहते, व ती आम्ही वाचकांपुढें ठेवतों. भाषेची भिंत पडली; दुसरी उभी राहत नाहीं ना ? आजचें पोर समीकरण सोडवितांना घडाघडा म्हणतें, 'बाजू बदलली कीं चिन्ह बदलतें.' कां बदलतें, असें विचारल्यास पुष्कळदां उत्तर येत नाहीं. अर्थ न कळतां म्हटलेला नियम मराठींत असला तरी तो त्या मुलास संस्कृतच आहे. भास्कराचार्यांचा अभिप्राय तर असा कीं, बुद्धि हेंच खरें बीज. वर्णांची मांडणी ही बुद्धीस साह्य म्हणून केलेली. आम्हीं वर घोडा फुकट धरून जो विचार केला तो कोणत्याही घरांत, ओसरीवर बसून, मुलांशीं बोलतां येण्याजोगा आहे. घोडे नकोत, तर ज्वारीचीं पोतीं घ्यावीं : एकापाशीं चार पोतीं आणि तीनशें रुपये रोख; दुसऱ्यापाशीं सहा पोतीं, पण सोसायटीचें देणें पांचशें; दोघे सारखे, तर पोत्याचा भाव काय ? पोतें फुकट धरलें तर अंतर आठशेंचें, दर रुपयामागें तें दोहोंनीं मिटतें, भाव चारशें. ज्या आजीस पाटीपेन्सिल कधीं मिळाली नाहीं तीही हें समजेल, आणि कदाचित् नातवाआधीं उत्तर सांगेल.

ज्या मुलखांत कर्ज हा रोजच्या बोलण्याचा विषय आहे तेथें दोन्ही बाजू मांडून, आपली न कळणारी रक्कम कोणती हें ओळखून, तिला नांव देऊन ती काढतां येणें, ही शाळेच्या गुणांपुरती गोष्ट नव्हे. वहींतला आंकडा मान्य करावा कीं न करावा, हें ठरविण्याचें तें साधन आहे. पाटणच्या दगडावर मराठीच्या वांट्यास वसुली आली होती. बीजगणिताचा वांटा तिच्या पदरांत पडावयास आठ शतकें लागलीं. तो आतां पुस्तकांतून घरांत, आणि घोकण्यांतून समजण्यांत आणावयाचा, एवढें काम आमच्या पिढीकडे राहिलें आहे.